यादीत नसलेलं हैदराबाद

२२ सप्टेंबर

आज स्टाफरूममध्ये ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी तीन दिवस हैदराबादला जाणार. ठरलं म्हणजे मी ठरवलं. पंकजा आणि अर्पितावर सोडलं असतं तर आम्ही औंढ्याला जाऊन नारळ फोडला असता, रस्त्यात उसाचा रस प्यायलो असतो आणि संध्याकाळी परभणीत परत येऊन दमल्याचं सांगत बसलो असतो.

पंकजा गणित शिकवते, पण पुढचा तास कोणता हे तिला रोज मलाच विचारावं लागतं. अर्पिता गेल्या वर्षी चित्रकलेला लागली. तिला चारमिनारसमोर हात पसरून फोटो काढायचा आहे. मी म्हटलं, चारमिनार आपल्या यादीत नाही. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. अठरा वर्षं हिंदी शिकवून मला एवढं कळलंय की जिथं सगळे जातात तिथं जाण्यासारखं काही नसतं.

घरी येऊन दोनशे पानी वही काढली आणि चार रकाने आखले. बघणे, खाणे, खरेदी, टाळणे. शेवटचा रकाना सगळ्यात लांब झाला.

२८ सप्टेंबर

योजना पक्की. पहिला दिवस इंग्रजांच्या रेसिडेन्सीची जुनी कोठी आणि सुलतान बाजार. दुसरा दिवस निजामाच्या पायगा सरदारांचे मकबरे, जे हैदराबादच्या निम्म्या लोकांनीही बघितलेले नसतात. तिसरा दिवस मोहरमसाठी बांधलेल्या आशूरखान्यातल्या रंगीत फरशा, मग लाड बाजारात बांगड्या, पण फक्त पस्तीस मिनिटं. उठायची वेळ साडेपाच.

पंकजानं विचारलं, "मधे कुठं जरा बसायला वेळ आहे का?" मी म्हटलं, बसायला आपण वर्षभर स्टाफरूममध्ये बसतोच. "आणि गोवळकोंडा?" मी म्हटलं, ज्यांची कल्पनाशक्ती चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात थांबली आहे त्यांच्यासाठी गोवळकोंडा ठीक आहे.

ग्रुपवर अकरा सूचना टाकल्या. दोघींनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठ्याला मी सही समजते.

४ ऑक्टोबर

अर्पिता गळाली. मावसबहिणीचं केळवण म्हणे. दिवाळीच्या सुट्टीत नेमक्या त्याच तीन दिवसांत केळवण, आणि केळवण तरी किती दिवस चालतं? तीन दिवसांत माणूस पंगतीतच म्हातारा होईल. मी तिला म्हटलं, तुझ्यासारख्या मुलींनी चित्रकला शिकवावी हेच आश्चर्य आहे, जगात बघण्यासारखं काय आहे ते तुला माहीतच नाही. ती रडवेली झाली. हल्लीच्या मुली फार हळव्या.

७ ऑक्टोबर

पंकजाची कंबर दुखते. कालच मी तिला दळणाचा डबा काखेत घेऊन जिना चढताना बघितलं. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "राजेश्री, तू एकटीच जा ना. तुला एकटीलाच बरं वाटेल."

याचा अर्थ मला नीट लागला नाही. कौतुक असावं. माझ्या वेगानं चालणं तिला जमत नाही हे तिनं निदान मान्य तरी केलं.

९ ऑक्टोबर

आज चंद्रभाननी मत व्यक्त केलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. भाजी कोणती करू विचारलं तरी "कर काहीही" म्हणणारा माणूस. विद्यापीठातही त्यांचं असंच चालतं, सगळ्या सभांना हजर आणि इतिवृत्तात नाव नाही. आज जेवताना मान वर न करता म्हणाले, "वहिनीला घेऊन जा."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, धुरपदाबाई. राणीसावरगावला असतात. दोन एकर जमीन, एक म्हैस. आधी दर वर्षी भाऊजींबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या. गुडघे गेले तेव्हापासून बंद. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. आमच्यात बोलण्यासारखं काय असणार? लग्नकार्यात भेटलो की त्या विचारतात, "बरं हाय का?" आणि मी म्हणते, "बरं आहे." संवाद संपतो.

मी म्हटलं, "त्यांना पायगा मकबऱ्यात काय कळणार आहे?"

"कळेल न कळेल. घेऊन जा."

"पण का?"

"त्यांना हैदराबाद बघायचं असेल."

"त्यांनी कधी म्हटलंय तसं?"

"म्हटलं नाही," म्हणाले, आणि ताट घेऊन उठले. अर्धी भाकरी ताटात तशीच. नंतर अजून दोनदा तेच म्हणाले. तीनदा! शेवटी मी हो म्हटलं. तिकिटं फुकट घालवण्यापेक्षा बरं.

२५ ऑक्टोबर

धुरपदाबाई दुपारी गंगाखेडहून एसटीनं आल्या. नवीन लुगडं, गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. दहा माणसं चार दिवस जेवतील एवढं. मी माझ्या वहीतला खाणे हा रकाना दाखवून सांगितलं की तिथं जेवणाची सोय असते, शहर आहे ते. त्या म्हणाल्या, "असू दी माय. भूक काय रकाना बगून लागती का?"

विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? "तू म्हनशील ते." निदान हट्ट तरी करणार नाहीत.

चंद्रभान स्टेशनवर सोडायला आले. वहिनींची पिशवी स्वतः उचलून डब्यात ठेवली. माझी बॅग मीच उचलली.

२६ ऑक्टोबर, हैदराबाद

सकाळी काचीगुड्याला उतरलो. बाहेर रिक्षावाल्याला मी म्हटलं, "कृपया हमें किसी स्वच्छ विश्रामगृह तक पहुँचा दीजिए।" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तेलुगूत शिवी दिली आहे. "क्या बोलरे मैडम?" मी पुन्हा म्हटलं, आणखी सोपं करून. तेवढ्यात मागून धुरपदाबाई म्हणाल्या, "भैया, लॉज होना. टेसन के बाजूच्च होना, दूर नक्को." "हौ अम्मा, बैठो," तो म्हणाला.

या शहरानं हिंदीचं काय करून ठेवलंय! लिंग नाही, वचन नाही, आणि प्रत्येक शब्दाला लोंबणारा एक च. मी विचारलं, "बाई, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"ऐकून ऐकून येतंय."

रेसिडेन्सीची कोठी बंद. रविवार. मी सगळं शोधलं होतं, वार तेवढा शोधला नव्हता. फाटकाच्या गजातून आम्ही खांब बघितले. धुरपदाबाईंनी पंधरा मिनिटं एकेक खांब बघितला. मी तोवर घड्याळ बघितलं.

सुलतान बाजारात मी साड्यांच्या दुकानदाराला कापडाचा पोत, रंगाचा पक्केपणा आणि त्याचं चारित्र्य यांविषयी बरंच सुनावलं. साडी घेतली नाही. धुरपदाबाईंनी शेजारच्या हातगाडीवरून एक झबलं घेतलं, पिवळं, मुंग्यांएवढ्या फुलांचं. "सून गरवार हाय. सातवा." मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

दुपारी ज्या खानावळीची मी इतकी वाचून निवड केली होती तिथं टेबल रिकामं व्हायला पाऊण तास. भाजीत तेल, तेलात भाजी. धुरपदाबाई माळकरी, त्यांनी दहीभात खाल्ला. संध्याकाळी लॉजवर मी चार धपाटे खाल्ले. भूक लागली होती, बाकी काही नाही.

२७ ऑक्टोबर

पायगा मकबरे. संतोषनगरच्या आतल्या गल्ल्यांत रिक्षावाल्यालाही सापडेनात, यातच सगळं आलं. आणि खरंच काय जागा आहे! पांढऱ्या चुन्यात अशी जाळी की वाटावं कोणी क्रोशानं विणली. चिटपाखरू नाही. मी वहीतला सगळा इतिहास मोठ्यानं वाचून दाखवला, घराणं, साल, शैली. वर बघितलं तर धुरपदाबाई कुठंच नाहीत. त्या पलीकडे एका भिंतीशी वाकून बोटानं चुना चाचपत होत्या.

"बाई, हात लावू नका."

"ह्यो चुना लय दिस भिजिवला आसंल बग. सहा म्हैने. आन घोटला बी लय. शिमिटाला असं येत न्हाई." मग जाळीच्या कोपऱ्याकडे बोट करून, "हितं कारागीर बदलला. ह्याचा हात जड हाय."

मी बघितलं. खरंच त्या कोपऱ्यातली पानं जाडी होती. पुस्तकात हे कुठंच नाही. अर्थात पुस्तकं लिहिणाऱ्यांना पानं मोजायला वेळ नसतो.

दुपारी अर्पिताचं स्टेटस बघितलं. मावसबहिणीचं केळवण वेरूळच्या लेण्यांत दिसतं. फोटोच्या कडेला एक जांभळी पर्स आली आहे, पितळी कडीची. पंकजाकडे अशीच आहे. हल्ली तशा पर्स सगळ्यांकडे असतात.

चहा पिताना धुरपदाबाई एकदम म्हणाल्या, "राजेसरी, माझं येक काम व्हतं. मियापूरला."

मियापूर म्हणजे शहराचं दुसरं टोक. उद्याच्या आशूरखान्याचं आणि लाड बाजाराचं काय? मी विचारलं, "तिथं काय आहे?"

"येक बिल्डिंग हाय."

"बघण्यासारखी?"

"काय की. म्या बगितली तवा अर्धीच व्हती."

मी स्पष्ट सांगितलं की अर्धवट इमारती परभणीतही भरपूर आहेत. त्या "बरं" म्हणाल्या आणि कपबशी विसळायला उठल्या. टपरीवर कपबशी कोण विसळतं? त्यांना बसवलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. संध्याकाळपर्यंत काढला नाही. अशा माणसाशी भांडणार तरी कसं? शेवटी मीच म्हटलं, उद्या सकाळी जाऊन येऊ, पण अकरापर्यंत परत.

२८ ऑक्टोबर

हे लिहायला मला वेळ लागणार आहे.

मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो. धुरपदाबाई खिडकीला नाक लावून. "हितं नुसते खडक व्हते. सुरुंग लावायचे तवा आमी पोरं घिऊन पळायचो." मी कान दिला नाही, पुढचा रस्ता मोबाईलवर शोधत होते. मोबाईलला सापडेना. त्यांना सापडला. दोन चौक, एक मारुतीचं देऊळ, आणि डावीकडे आठ मजल्यांची पिवळट इमारत. पुढं बाग, कारंजं, फाटक.

फाटकावरचा रखवालदार बिहारचा निघाला. या शहरात पहिल्यांदा कोणाला तरी माझी हिंदी समजली. कोणाकडे जायचं, त्यानं विचारलं. धुरपदाबाई म्हणाल्या, "किसीके पास नै भैया. खाली देखने का है. तीसरा माला."

"देखने का क्या है? चलो, चलो, उधर खड़े रहो." हात असा केला, जसा ढोराला करतात. धुरपदाबाई लगेच मागं सरकल्या. "जाऊ दी राजेसरी. भाईरून बगितलं की."

"बाई, आपण इथं आलोय कशाला?"

त्यांनी इमारतीकडे बघितलं. "म्या हितं व्हते ना. हे आन म्या. दोन साल. ही आमीच बांधली."

मी रखवालदाराला म्हटलं, या बाईंनी ही इमारत बांधली आहे. तो हसला. बागेत बॅडमिंटन खेळून परत येणारा अर्ध्या चड्डीतला एक माणूस थांबला, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि तोही जरासा हसला.

पुढं मी जे केलं ते का केलं, मला सांगता येणार नाही. सकाळ वाया चालली होती, ऊन होतं. मी दहावी ब च्या वर्गात काढते तो आवाज काढला. "सेक्रेटरी महोदय! आपके यहाँ ऊपर जाने के लिए किसका नाम चाहिए? जिसने यह घर ख़रीदा उसका, या जिसने इसे सिर पर ढोया उसका? आप बताइए, इस भवन की एक भी ईंट आपने हाथ में ली है? हँस क्यों रहे हैं? सीधे खड़े रहिए!"

तो सरळ उभा राहिला. खरंच राहिला. रॅकेट पाठीमागं घेतली. वरच्या गॅलऱ्यांतून चार डोकी बाहेर आली. मला वाटतं मी अजून पाचेक मिनिटं बोलले. कारंज्याविषयीही बोलले. शेवटी त्यानं धुरपदाबाईंना विचारलं, आणि यावेळी 'अम्मा' म्हणून विचारलं, की कोणतं घर.

"तीसरा माला. दिन निकलने के बाजू का."

त्यानं फोन केला. लिफ्ट दाखवली. धुरपदाबाई जिन्याकडे वळल्या. त्यांच्या त्या गुडघ्यांनी तीन जिने चढल्या, कठड्याला हात लावत. मी मागून.

दार एका साठीच्या तेलुगू बाईंनी उघडलं. काय काम ते त्यांना कळलं नव्हतं, आम्हाला बसा म्हणाल्या. धुरपदाबाई बसल्या नाहीत. विचारलंही नाही. बोळातून सरळ, मग उजवीकडे, स्वयंपाकघरात. गॅस आणि फ्रीज यांच्या मधल्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. खाली फरशीकडे बघितलं.

"हितं," म्हणाल्या.

"काय इथं?"

"रामप्रसाद."

मला कळेना. रामप्रसाद म्हणजे त्यांचा मुलगा, तो चाकणला कारखान्यात आहे.

"हितं झाला त्यो. भितीच न्हवत्या तवा. गोनपाटाचा आडोसा केलता बायांनी. ह्यी खिडकी हाय ना, हितून समदा वारा. दुपारच्याला कळा सुरू झाल्या. खाली सळया तोडायलते, त्याच्यात म्या वरडलेलं कुनाला ऐकू बी गेलं न्हाई. दिस मावळायला झाला." फरशीकडे बोट केलं. "पाचव्या दिशी पाटी उचलली परत. त्याला हितंच ठिवायची, वाळूच्या पोत्यापाशी. ऊन न्हाई लागायचं."

घरच्या बाई आमच्या तोंडाकडे बघत होत्या. धुरपदाबाई त्यांना म्हणाल्या, "अम्मा, मेरा बच्चा इधरीच पैदा हुआ. तुमारे चूल्हे के पास."

गॅसवर दूध वर यायला लागलं होतं. त्या बाईंनी आधी गॅस बंद केला. मग आत गेल्या आणि हळदीची वाटी, कुंकू, केळी आणि खणाचं कापड घेऊन आल्या. धुरपदाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसल्या. त्यांच्यात सवाष्णीच्या पायांना हळद लावतात. धुरपदाबाईंनी पाय आखडून घेतले. "नक्को अम्मा, पाँव फटेले हैं." त्या बाईंनी ऐकलं नाही. भेगांमध्ये हळद भरत गेली.

मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, मोटारी लावल्या होत्या.

उतरताना धुरपदाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई बगितलं. सून इचारती, मामंजी म्हनत्यात बिल्डिंगीत झाला, खरं का? आता सांगीन, चूल हाय तिथं." मग स्वतःशीच, "त्या सालात चंदू भाऊजी कालिजात व्हते. लय हुशार. हे म्हनायचे, त्याला वाळूत हात घालू द्यायचा न्हाई."

मी मनातल्या मनात रामप्रसादचं वय आणि चंद्रभानच्या कॉलेजचं वर्ष जुळवून बघितलं. मग विषय बदलला. लिफ्ट किती अरुंद आहे त्याविषयी बोलले. आम्ही लिफ्टनं उतरत नव्हतो.

आशूरखाना झाला नाही. लाड बाजार झाला नाही. लॉजवर परत आल्यावर अर्पिताचा तो फोटो पुन्हा मोठा करून बघितला. पर्स पंकजाचीच आहे. कडी तुटल्यावर तिनं लाल दोऱ्यानं बांधली होती, तो दोरा दिसतोय. दोघी वेरूळला गेल्या. मला न सांगता. मी ठरवलं होतं की शाळा उघडल्यावर दोघींना असं बोलायचं की वर्षभर लक्षात राहील. वाक्यंही तयार केली, चांगली झाली होती. मग धुरपदाबाई म्हणाल्या, "कामून गप बसलीस? ये, हात दी," आणि उरलेली हळद माझ्या तळव्याला पुसली. वाक्यं कुठं गेली कोणास ठाऊक.

२९ ऑक्टोबर, परभणी

सकाळी उतरलो. चंद्रभान स्टेशनवर होते. वहिनींना स्टँडवर नेऊन गंगाखेडच्या गाडीत बसवलं. त्यांच्या पायांकडे बघितलं, हळद अजून होती. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

घरी चहा झाल्यावर मी त्यांना मियापूरचं सगळं सांगितलं. रखवालदार, सेक्रेटरी, स्वयंपाकघर. वाटलं, माझ्या भाषणाला तरी हसतील. ते कपाकडे बघत होते.

"मी गेलो होतो तिथं," म्हणाले.

"कुठं?"

"त्याच इमारतीपाशी. दुसऱ्या वर्षाला होतो. फीसाठी दादाकडे गेलो होतो. दादा खाली आला. म्हणाला, वर चल, तुझ्या वहिनीला कळा सुरू झाल्यात, बायका आहेत जवळ, पण तू थांब आजच्या दिवस. माझी चारची गाडी होती."

"मग?"

"थांबलो नाही."

"वर तरी गेलात?"

त्यांनी कप बाजूला सरकवला. "पांढरा शर्ट होता अंगात. नवीन. जिन्यात सगळीकडे सिमेंटचं पाणी गळत होतं. शर्ट खराब होईल म्हणून गेलो नाही." मग म्हणाले, "दादानं वहिनीला सांगितलं असेल का, मी आलो होतो? तेवीस वर्षं झाली. मला विचारायला जमलं नाही."

माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. स्वतः न जाता मला का पाठवलं, एकोणीस वर्षं मला भाऊजींनी थोडीफार मदत केली एवढंच का सांगितलं. सेक्रेटरीला जे बोलले त्याहून जास्त लागेल असं बोलता आलं असतं. माणूस समोर बसला होता, कुठं जाणार नव्हता. पण मी त्या जाऊबाईंना एवढी वर्षं "बरं आहे" याच्यापुढं एक शब्द बोलले नव्हते. मी कोणत्या तोंडानं बोलणार?

दुपारपर्यंत थांबले. धुरपदाबाई घरी पोचल्या असतील असा अंदाज आल्यावर मी त्यांचा नंबर लावला आणि फोन चंद्रभानच्या हातात दिला. ते नको म्हणाले. मी हात मागं घेतला नाही. तिकडून आवाज आला तसे ते गॅलरीत गेले.

"वयनी, म्या चंदू."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांची भाषा सुधारली होती. तेव्हापासून या घरात त्यांनी म्या म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

धुरपदाबाईंचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत येत होता. "जेवला का भाऊजी?"

"न्हाई."

"कामून?"

त्यांनी कठडा धरला. म्हणाले, "वयनी, त्या दिशी म्या आलतो."

मग धुरपदाबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जसं मला विचारतात बरं हाय का, "मला म्हाईत हाय की. वरून दिसायला व्हतास तू. पांढरा शर्ट लय खुलत व्हता तुला."

मी गॅलरीचं दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं, चंद्रभान फरशीवर बसले होते, भिंतीला टेकून, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. मी तवा ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.